किल्ली आपली, लेबल वाचकाचं

पोरी, तू पांढुर्णा-सौसरच्या जुन्या इतिहासावर प्रबंध लिहिते आहेस, तोही मराठीत, आणि लाटेकमध्ये जुळवते आहेस, हे ऐकून मामाला फार बरं वाटलं. संदर्भसूचीतली लेबलं मनासारखी कशी करायची, हे तू विचारलंस. इतकी वर्षं विद्यार्थ्यांचे प्रबंध हातावेगळे करताना जे कळलं ते सगळं इथे लिहून देतो. आज्ञांची नावं देवनागरीत लिहितो आहे. फायलीत ती रोमनमध्येच टाइप करायची, हे तुला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात आधी हे ध्यानात घे, की प्रत्येक संदर्भाला दोन नावं असतात. एक किल्ली आणि दुसरं लेबल. किल्ली म्हणजे ‘साइट’ या आज्ञेच्या महिरपी कंसात आपण लिहितो ते नाव. ते फक्त तुला आणि यंत्राला दिसतं. लेबल छापून येतं आणि ते वाचकाला दिसतं. किल्ली एकदा ठरवली की प्रबंध संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही. ती साधी रोमन अक्षरांत असावी, मध्ये जागा नको, स्वल्पविराम नको. लेखक, ग्रंथ, खंड एवढं त्यातून ओळखू आलं की पुरे. लेबल मात्र दहा वेळा बदललं तरी बिघडत नाही, कारण ते बदलण्यासाठी मजकुराला हात लावावाच लागत नाही. म्हणून मजकुरात चौकोनी कंस करून हाताने ‘मिराशी १९६३’ असं कधीच टाइप करायचं नाही. मार्गदर्शक उद्या म्हणतील की नावं नकोत, आकडे हवेत. सगळीकडे ‘साइट’ वापरलं असेल तर एक ओळ बदलून काम होतं. हाताने लिहिलं असेल तर तीनशे पानं पुन्हा चाळावी लागतात.

आता लेबल कोणत्या जातीचं असावं? ‘प्लेन’ शैली आडनावांच्या क्रमाने यादी लावते आणि आकडे देते. ‘अनसॉर्ट’ मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येतात त्या क्रमाने आकडे देते. ‘अल्फा’ लेखकाच्या नावाची अक्षरं आणि सालाचे शेवटचे दोन अंक जोडते. गणिताच्या दहा पानी लेखाला आकडे चालतात. तिथे वाचकाला सिद्धता हवी असते, ती कुणाची हे नंतर पाहिलं तरी चालतं. इतिहासाचं तसं नाही. विधान १९०७ च्या इंग्रज अधिकाऱ्याचं आहे की १९६३ च्या पुराभिलेखतज्ज्ञाचं, यावर वाचकाचा विश्वास ठरतो. त्याला ‘४७’ दिसलं तर दर वेळी पानं उलटून मागे जावं लागेल. तुझ्या प्रबंधाला लेखक आणि साल, आणि ठरावीक मोठ्या ग्रंथांना संक्षेप, हेच योग्य. यात मला शंका नाही.

संक्षेप का, ते आपल्याच गावच्या उदाहरणावरून बघ. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या राज्यवर्ष २९ चा ताम्रपट पांढुर्ण्याचा म्हणून ओळखला जातो. तो वा. वि. मिराशींनी संपादित केलेल्या ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’च्या पाचव्या खंडात आहे. हा खंड १९६३ साली उटकमंडहून निघाला. त्याच मालेचा चौथा खंड, कलचुरी-चेदी काळातल्या लेखांचा, मिराशींनीच १९५५ साली काढला आणि शिलाहारांचा सहावा १९७७ साली. ‘अल्फा’ शैली या तिन्हींना मिराशींच्या नावाची तीन अक्षरं आणि ५५, ६३, ७७ लावून मोकळी होईल. पण या विषयातला जाणकार त्या ग्रंथांना त्या नावाने ओळखत नाही. तो ‘कॉर्पस, खंड ५’ असंच म्हणतो. जाणकार ज्या नावाने ग्रंथ ओळखतो तेच लेबल असावं. म्हणून बिबलाटेक हे पॅकेज घे आणि त्या नोंदीत ‘शॉर्टहँड’ नावाचं क्षेत्र भर: ‘कॉर्पस ५’. नोंदीत शॉर्टहँड असला की बिबलाटेकच्या नेहमीच्या शैली लेखक-साल किंवा आकडा बाजूला ठेवतात आणि तोच छापतात. पुराभिलेखांच्या ‘एपिग्राफिया इंडिका’लाही असाच संक्षेप दे. मग प्रबंधाच्या सुरुवातीला ‘प्रिंटबिबलिस्ट’ आज्ञेने संक्षेपांची वेगळी यादी छाप आणि तिला ‘संक्षेप’ असं शीर्षक दे. यादी यंत्रच करतं, तुला काही जुळवावं लागत नाही.

इथे एक सावधगिरी बाळग. ताम्रपटाचं राज्यवर्ष ‘साल’ या क्षेत्रात कधी लिहू नकोस. तिथे ग्रंथ छापल्याचं साल येतं. राज्यवर्ष मजकुरात किंवा शीर्षकात राहू दे. आणि पान क्रमांक लेबलात कोंबू नकोस. तो ‘साइट’च्या चौकोनी कंसात जातो. देवनागरी अंक लिहिलेस तर त्यांच्यापुढे ‘पृ.’ आपोआप लागेल असं धरू नकोस, ते स्वतः लिही.

मराठी नावांचं मात्र नीट ऐक, कारण बहुतेक मुलं इथेच अडकतात आणि दोष फाँटला देतात. सूची तयार करणारं जुनं बिबटेक १९८५ साली ओरेन पटाश्निक यांनी केलं. त्या काळी एक अक्षर म्हणजे एक बाइट, असाच हिशेब होता. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, मात्रासुद्धा वेगळी तीन बाइटची. ‘अल्फा’ एकट्या लेखकाच्या आडनावातून ‘पहिली तीन अक्षरं’ उचलते, म्हणजे खरं तर तीन बाइट उचलते. ‘मिराशी’ मधून हाती येतो फक्त ‘म’. वेलांटीसुद्धा मागे राहते. लेखक दोन असतील तर प्रत्येकाच्या नावाचा एकच बाइट घेतला जातो. मग अक्षर मधूनच तुटतं आणि छापात चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. फाँट बदलून हे सुधारत नाही. सूची मराठीत असेल तर बिबटेक सोड आणि बिबलाटेकसोबत बायबर चालव. त्याला युनिकोड कळतं. मजकूर झीलाटेक किंवा लुआलाटेकवर जुळव. तरीही मराठी नाव तीन अक्षरांवर तोडणं मला पसंत नाही. ‘कुलकर्णी’ किंवा ‘कुळकर्णी’चा नुसता सुरुवातीचा तुकडा उरतो आणि वाचकाच्या हाती फारसं काही लागत नाही. मराठीत पूर्ण आडनाव आणि पूर्ण साल हेच लेबल शोभतं, म्हणून ‘ऑथरइयर’ शैली घे. पाच-सात अक्षरं जास्त गेली तर जाऊ दे.

इंग्रजी संदर्भांचा एखादा वेगळा लेख लिहिशील आणि तिथे ‘अल्फा’ हवीच असेल, तर दोन अंकी सालाचा धोका ओळख. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं छिंदवाडा जिल्ह्याचं गॅझेटियर १९०७ चं आहे. त्यासोबत २००७ चा एखादा अहवाल आला तर दोघांच्याही लेबलात ‘०७’ येणार. शंभर वर्षांचं अंतर वाचकाला दिसणारच नाही. स्थानिक इतिहासात हे हमखास होतं, कारण आपल्याला गॅझेटियरही लागतं आणि परवाचा अहवालही. यावर उपाय सोपा आहे. अल्फाची बीएसटी फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये नव्या नावाने उतरवून घे. मूळ नावाने बदलू नकोस, नाहीतर दुसऱ्या संगणकावर जुनीच शैली उचलली जाईल. त्या फायलीत लेबल तयार करणारा भाग शोध. तिथे सालाच्या शेवटापासून दोन चिन्हं घ्या असं सांगणारी ओळ आहे. त्या दोनाचे चार कर. तिच्याखाली क्रम लावण्यासाठी तसलीच आणखी एक ओळ आहे, तिथे आधीपासूनच चार आहे, तिला हात लावू नकोस. बिबलाटेकच्या ‘अल्फाबेटिक’ शैलीत हेच काम ‘डिक्लेअरलेबलअल्फाटेम्प्लेट’ने होतं. सालापुढची रुंदी दोनऐवजी चार करायची.

लेखकांची नावं भरताना यंत्राला काय समजतं, हे लक्षात ठेव. स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव, एवढाच त्याचा नियम. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचं इंग्रजी नाव तसंच लिहिलंस तर यंत्र ‘इन्स्टिट्यूट’ हे आडनाव समजेल आणि लेबल त्यावरूनच करेल. आपल्याकडे संत्र्यावर काम करणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्या याद्यांत अशी ‘इन्स’ नावाची माणसं मी किती वेळा पाहिली आहेत. संस्थेच्या नावाला आणखी एक महिरपी कंसांची जोडी घाल. मग पूर्ण नाव एकच समजलं जातं. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या इंग्रजी नावात ‘अँड’ येतं, तिथे तर एका मंत्रालयाचे दोन लेखक होतात. तिथेही तोच उपाय. उलट दोन खरे लेखक असतील तर त्यांच्यामध्ये रोमन लिपीतलंच ‘अँड’ लिहायचं, सूची मराठी असली तरी. ‘आणि’ लिहिलंस तर यंत्राला ते नावाचाच भाग वाटतं. छापताना मराठी ‘आणि’ किंवा ‘व इतर’ हवं असेल तर ते ‘डिफाइनबिब्लिऑग्राफीस्ट्रिंग्ज’मध्ये सांगता येतं.

रसेल आणि हीरालाल यांचं मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचं चार खंडी पुस्तक १९१६ चं आहे. त्यावर दुसऱ्या लेखकाचं नाव इंग्रजीत दोन शब्दांत तोडून छापलं आहे. कंस न घालता तसंच उतरवलंस तर यंत्र ‘लाल’ हे आडनाव धरेल आणि यादीत रायबहादूर हीरालाल भलत्याच अक्षराखाली जातील. ज्या माणसाने आपल्या भागाच्या इतिहासासाठी आयुष्य वेचलं, त्याचं नाव निदान नीट लागावं.

वर्तमानपत्रांच्या कात्रणांना लेखक नसतो. तू गोटमारीवर एक प्रकरण लिहिणार आहेस ना? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावची माणसं समोरासमोर येऊन एकमेकांवर दगड फेकतात आणि दर वर्षी त्यावर बातम्या छापून येतात. लेखकाच्या जागी वर्तमानपत्राचं नाव घातलं आणि एकाच वर्तमानपत्राच्या एकाच सालातल्या बातम्या जमल्या की शैली त्यांना सालापुढे ए, बी, सी लावत जाते. सव्वीस झाल्या की बिबटेक झेडच्या पुढचं चिन्ह म्हणून महिरपी कंस उमटवतं आणि सगळी जुळणीच अडते. इतक्या नोंदी होतीलच असं नाही, पण बातमीला नुसतं साल कधीच पुरत नाही, तिला तारीख लागते. म्हणून कात्रणांना शॉर्टहँडमध्ये वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दे. शक्य तर कात्रणांची यादी ग्रंथांपासून वेगळी छाप. बिबलाटेकमध्ये ‘कीवर्ड’ लावून ते करता येतं. ग्रंथांतही एका लेखकाच्या एका सालच्या दोन नोंदी आल्या तर मराठी मजकुरात ए-बी शोभत नाही. त्या जागी क, ख येतील असं या जादा अक्षराच्या क्षेत्राचं स्वरूप बदलून घे.

कधी फक्त वीस-पंचवीस संदर्भांचा छोटा लेख असतो. तिथे एवढा पसारा नको. ‘थेबिब्लिऑग्राफी’त यादी हाताने लिही. ‘बिबआयटम’नंतर चौकोनी कंसात लेबल, मग महिरपी कंसात किल्ली. चौकोनी कंस नसेल तर यंत्र आकडा घालतं. यादीच्या सुरुवातीला महिरपी कंसात सगळे जण ‘९९’ लिहितात आणि त्यांना वाटतं की ती संदर्भांची कमाल संख्या आहे. ती संख्या नाही, रुंदीचं माप आहे. तिथे जे लिहिशील तेवढी जागा डावीकडे लेबलासाठी राखली जाते. लेबलं ‘कॉर्पस ५’, ‘छिंदवाडा १९०७’ अशी असतील तर त्यातलं सगळ्यात लांब लेबल तिथे लिही. मग ओळी सरळ रेषेत बसतात. यादीचं शीर्षक ‘आर्टिकल’मध्ये ‘रेफनेम’ने आणि ‘बुक’ किंवा ‘रिपोर्ट’मध्ये ‘बिबनेम’ने बदलतं. भाषेचं पॅकेज वापरत असशील तर हा बदल त्या भाषेच्या कॅप्शनमध्ये घालावा लागतो, नाहीतर पॅकेज तो पुसून टाकतं.

कंसांबद्दल एवढंच, की यादीतला कंस आणि मजकुरातला कंस ही दोन वेगळी खाती आहेत. यादीत चौकोनी कंसाऐवजी आकडा आणि टिंब हवं असेल तर ‘बिबलेबल’ बदलायचं. त्याच्या नावात अॅट चिन्ह असल्याने आधी ‘मेकअॅटलेटर’ आणि नंतर ‘मेकअॅटअदर’ लिहावं लागतं. नॅटबिब हे पॅकेज वापरत असशील तर तेच काम ‘बिबनमएफएमटी’ करतं. पण त्याने मजकुरातले कंस बदलत नाहीत. त्यासाठी नॅटबिबमध्ये ‘सेटसाइटस्टाइल’ आहे. देवनागरी अंकांचंही तसंच. यादीत ‘३’ आणि मजकुरात इंग्रजी अंकातला तीन, असं झालेलं मी अनेक प्रबंधांत पाहिलं आहे. दोन्हीकडे अंक एकाच लिपीत आहेत ना, हे डोळ्यांनी तपास.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे आणि ती नागपूरच्या मुलांना सहसा येत नाही. आपला भाग मध्य प्रदेशात असल्याने आपले निम्मे कागद हिंदीत असतात. तिथे ‘सौंसर’, ‘पांढुर्ना’, ‘छिन्दवाड़ा’ असं लिहिलेलं असतं. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पण त्याआधीच्या ग्रंथांवर छिंदवाडा जिल्हाच छापलेला असणार. माझा नियम असा: शीर्षक जसं छापलं आहे तसंच उतरवायचं, एकही टिंब बदलायचं नाही. लेबल आपण ठरवतो, म्हणून त्यात गावाचं नाव सगळीकडे एकाच मराठी रूपात ठेवायचं. छापलेलं रूप बदलणं म्हणजे संदर्भ बिघडवणं. आणि लेबलातली रूपं सारखी नसली तर सूचीत एकच गाव तीन ठिकाणी विखुरतं.

क्रमाबाबत ‘ळ’ तपास. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसला आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या बाइटच्या क्रमाने यादी लावली तर काळे आधी आणि कावळे नंतर येतात. मराठी कोशाच्या क्रमाने कावळे आधी हवेत. बायबरला क्रमाची भाषा मराठी आहे असं सांगितलंस तर ते हा क्रम पाळतं. संक्षेपांची लेबलं असतील तर यादी लेबलांच्या क्रमाने लाव. वाचक लेबल हातात घेऊन यादीत शोधायला येतो, लेखकाचं नाव त्याला अजून माहीत नसतं.

लेबलं बदलली आणि छापात जुनीच दिसली तर घाबरू नकोस. लाटेक, मग बायबर, मग पुन्हा दोनदा लाटेक, हा क्रम पूर्ण कर. शैलीच बदलली असेल तर एयूएक्स आणि बीबीएल या मधल्या फायली आधी पुसून टाक. जाड ठशात प्रश्नचिन्ह किंवा किल्लीच छापून आली तर बहुतेक वेळा किल्लीत टंकदोष असतो किंवा बायबर चाललेलंच नसतं. आधी हीच दोन कारणं तपास.

प्रबंध जमा करण्याआधी सूचीची छापील प्रत एखाद्या अशा मैत्रिणीला दे जिला हा विषय माहीत नाही. मजकुरातली पाच-सहा लेबलं तिला दाखव आणि ग्रंथ शोधायला सांग. जिथे ती थांबली ते लेबल बदल. आणि काम पूर्ण झाल्यावर तुझी बिब फाइल कपाटात ठेवू नकोस. पांढुर्णा-सौसरवर लिहायला बसणाऱ्या पुढच्या पोरापोरींना ती दे, किल्ल्यांसकट. त्यांना ताम्रपटापासून गॅझेटियरपर्यंतचे संदर्भ पुन्हा पहिल्यापासून टाइप करावे लागू नयेत.